मदत हवी आहे: स्पीड कॅमेऱ्याचा इशारा देणारं नेव्हिगेशन बाबांसाठी ठेवू की परत करू?

नमस्कार मंडळी. शनिवारपर्यंत ठरवायचंय, म्हणून जरा घाईत विचारतेय.

बाबा ६९ वर्षांचे. दर पंधरा दिवसांनी कोथरूडहून पनवेलला आत्याकडे जातात, गाडी स्वतःच चालवतात. गेल्या महिन्यात एकाच फेरीत दोन चलनं आली, दोन्ही घाटातली, प्रत्येकी २००० रुपयांची. "पुढे ट्रक होता, मी कसली पळवतोय!" असं त्यांचं म्हणणं. चलनावर फोटो आहे. ट्रक कुठे दिसत नाही.

फोनवर मॅप लावून द्या, असं सगळेच सांगतील. दिला होता. फोन वाजला की बाबा तो स्टँडवरून उपसतात, कानाला लावतात, आणि मॅप खिशात जातो. म्हणून वेगळं डिव्हाइस.

पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून काचेला चिकटवायचं एक आणलं, ११,५०० ला. आठवडाभर वापरा, नाही पटलं तर परत आणा, या बोलीवर. रविवारी बाबांना शेजारी बसवून खोपोलीपर्यंत जाऊन आले.

चांदणी चौकातच पहिला गोंधळ. तिथले नवे रॅम्प २०२३ मध्ये सुरू झाले, याला त्यांचा पत्ताच नाही. आमची गाडी डोंगरातून चाललेली दाखवत होतं. सेटिंगमध्ये बघितलं तर नकाशा २०२२चा. दुकानदार म्हणाला होता, "मॅप लाइफटाइम फ्री, ताई." कोणाच्या लाइफटाइममध्ये, ते विचारायचं राहिलं. उर्से टोलनाक्याच्या रांगेत सक्शन सुटून ते गिअरवर आपटलं, तो वेगळाच प्रकार.

पुढे मात्र कामाचं वाटलं. कॅमेऱ्याच्या कमानीआधी साधारण अर्धा किलोमीटर टिंग वाजतं, वेग जास्त असला तर आकडा लाल होतो. काट्यावर १०० असताना हे ९६ दाखवायचं, त्यावरून बाबांनी "बिघडलेलं गळ्यात मारलंय" असा निकाल दिला. खरं तर गाडीचा काटाच थोडा वाढवून दाखवतो, सरळ रस्त्यावर जीपीएसचा आकडा जास्त खरा. पण कामशेतच्या बोगद्यात सिग्नल गेला आणि बाहेर येईपर्यंत आकडा होता तिथेच थिजला. घाटात पाटीवर ६० आणि हे ५० वरच ओरडायला लागलं. जुनी मर्यादा घेऊन बसलंय. कमी सांगतंय म्हणजे चलन तरी येणार नाही, हे खरं. पण मागे बस हॉर्न दाबून चिकटलेली असताना ते समाधान फार पुरत नाही.

माझी खरी अडचण पुढची आहे. एक्सप्रेसवेवर २०२४ पासून आयटीएमएस, म्हणजे कॅमेऱ्यांनी वाहतूक टिपणारी यंत्रणा, सुरू झालंय, त्यात दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजतात. समजा कमानी १० किलोमीटरवर आहेत आणि मर्यादा १०० आहे, तर ६ मिनिटं लागायलाच हवीत. ५ मिनिटांत पोचलात की सरासरी १२०. मग कमानीखालून ८० ने जा नाहीतर ढकलत न्या, काही फरक पडत नाही. परतीला गाडी बाबांनी घेतली. टिंग वाजलं की ब्रेक, कमान मागे पडली की पाय पुन्हा खाली. पूर्वी निदान एकसारखी चालवायचे!

तर सरासरी वेग दाखवणारं आणि आपल्याकडचा नकाशा खरोखर अपडेट होणारं काही कोणी वापरतंय का? पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतली वेग मोजणारी लेझर गन कुठल्याच यादीत नसणार, ते कळतं. चलन चुकवायच्या युक्त्या नकोत, बाबा हळू चालवायला हवेत.

घाटवाट: परत करा. नकाशाच २०२२चा, तर कॅमेऱ्यांची यादी तरी ताजी कशी असेल? घरात पडलेला जुना फोन घ्या, सिम काढा, बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट द्या आणि गूगल मॅप्स किंवा मॅपल्स लावा. कॅमेरे दोन्हींत दिसतात, आणि सिमच नाही म्हटल्यावर उचलायला कॉल येणार कुठून? सरासरीचं म्हणाल तर उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये उतरायला सांगा. नुसत्या ब्रेकवर गाडी धरून ठेवणारे लोकच कमान गेली की सुटतात.

पौडफाटा: गाडी जुलै २०१९ नंतर बनलेली असेल तर ८० च्या वर ती स्वतःच बीप देते. घाटात उपयोग शून्य, पण सपाटीवर वेग चढलाय हे तरी कळतं. आमच्याकडे त्या बीपला 'सासूबाई' म्हणतात.

धागाकर्ती: गाडी २०१५ची, मुकी आहे. तिसऱ्या गिअरचं बाबांना पटेल, पेट्रोल जास्त जातं असं वाटून कुरकुरतील एवढंच. जुना फोन आहे घरात, फक्त मागचं झाकण जरा उचललंय, बॅटरी फुगली असावी. काचेला लावला तर चालेल ना?

घाटवाट: अजिबात नाही! पुण्याच्या उन्हात काचेमागे तर मुळीच नको. आज चार्जिंगलासुद्धा लावू नका, आधी बॅटरी बदलून घ्या.