नवले पुलाआधीचा उतार: सेवा रस्त्याचा रॅम्प मागे न्यावा का?

वडगाव_बुद्रुक
पुण्यात महामार्गाने नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येताना शेजारच्या सेवा रस्त्यावर उतरायचा रॅम्प पुलाच्या जवळ नको, बोगद्याच्या बाजूला मागे न्या, असं आमच्याकडचे म्हणतात. नऱ्हे-आंबेगावचे म्हणतात, मग सगळी वाहनं आमच्या सोसायट्यांच्या फाटकांवर येतील. बरोबर काय?

उतार_चढण
आधी लांबी बघा. ताशी ८० वरून ४० वर यायला बेताच्या ब्रेकने मोटारीला सपाटीवर सव्वाशे मीटर लागतात, ४ टक्के उतारावर १६५. भरलेल्या ट्रकचं तर विचारूच नका. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक धरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला याच उतारावर एका अवजड वाहनाने कित्येक गाड्या ठोकल्या.

रॅम्प पुलाला चिकटून असला की पुलाखालच्या चौकातली रांग मुख्य रस्त्यावर चढते. ३० मोटारी म्हणजे २०० मीटर, आणि रांगेचं शेपूट थेट ट्रकच्या पुढ्यात. त्यामुळे मागे नेणंच योग्य.

सेवा_रस्ता
मान्य, पण नऱ्हेकरांची भीतीही खरी आहे. सेवा रस्ता दुहेरी ठेवून रॅम्प मागे नेलात तर वेगात उतरणारी गाडी समोरून येणाऱ्या दुचाकीवरच जाते. आधी रस्ता एकेरी करा, आणि वळायची सोय जवळ द्या. ती लांब असली तर लोक उलट्या दिशेने येणारच, कितीही दंड करा. रॅम्पच्या तोंडासमोर एकही फाटक किंवा रिक्षाथांबा नको. पायथ्याला जाळीचं गटार हवंच, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी तुंबून डांबर उखडतं. सेवा रस्त्यावर उतरायचा जुना कट प्लास्टिकच्या ड्रमांनी बंद करू नका, ते रातोरात बाजूला होतात. सलग क्रॅश बॅरियर लावून घ्या.

वडगाव_बुद्रुक
मागणी कोणाकडे करायची?

उतार_चढण
महामार्ग प्राधिकरणाच्या पुण्यातल्या प्रकल्प संचालकांकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीला. त्याआधी माहिती अधिकारात (शुल्क १० रुपये) सुरक्षा लेखापरीक्षणाचा अहवाल आणि रॅम्पचा आराखडा मागवा. पोलिसांकडून अपघातांची यादी साखळी क्रमांकासह (महामार्गावरचं नेमकं ठिकाण सांगणारा किलोमीटर-मीटरचा आकडा) घ्या. ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, हा ब्लॅक स्पॉटचा, म्हणजे अपघातप्रवण जागेचा, निकष. नुसतं ‘नवले पुलाजवळ’ असं लिहिलेलं असेल तर टप्पा ठरत नाही आणि अर्ज तिथेच अडतो.

सेवा_रस्ता
दोन्हीकडच्यांनी एकच अर्ज द्या. त्यात एकेरी सेवा रस्ता आणि वळणाची जागा या अटी रॅम्पच्या आधी पूर्ण करायच्या, असं स्पष्ट लिहा.