दिवाळी कार्यक्रमासाठी ८०० ची फिल्म : गुरुवारी ऑर्डर टाकण्याआधी

प्रेषक : सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमाचे डिजिटल फोटो निघतीलच. पण मंडळाचे जुने अल्बम पुढे चालू राहावेत म्हणून यंदा चार रोल फिल्मवरही काढायचं ठरलं आहे. कॅमेरा माझ्या बाबांचा आहे, ५० एमएम एफ/१.८ लेन्सचा. हॉल नेहमीचाच, शाळेचा. गेल्या वर्षी मी ४०० ची फिल्म (हा फिल्मचा वेग, आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) घालून लेझीम काढली, तर सगळं मळकट, तपकिरी आणि हललेलं आलं. कुणी म्हणतं ४०० च घे आणि लॅबला पुश करायला सांग, कुणी म्हणतं सिनेस्टिल कंपनीची फिल्म घे. फ्लॅश वापरणार नाही, पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांना त्रास होतो. गुरुवारी ऑर्डर टाकायची आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रेषक : नाट्यविभाग, प्रकाशयोजना

ताई, एकांकिकेसाठी सिनेस्टिल ८०० टी नक्की घ्या. रंगमंचावर आपण अजून हॅलोजनचे स्पॉट लावतो, साधारण ३२०० केल्विनचे, आणि ही फिल्म त्याच पिवळसर प्रकाशासाठी आहे. मुळात ती कोडॅकची सिनेमाची व्हिजन३ ५०० टी, मागचा काळा रेमजेट थर काढलेली, म्हणून रंगीत फिल्म धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ प्रक्रियेत धुता येते. तो थर नसल्यामुळे उघड्या दिव्यांभोवती लाल वलय येतं, तेवढं ध्यानात ठेवा. डेलाइट फिल्म (दिवसाच्या पांढऱ्या उजेडासाठीची) घालून निळा ८०ए फिल्टर लावू नका. तो दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे ८०० ची फिल्म २०० वर येते.

---

प्रेषक : जुने अल्बम सांभाळणारे काका

अगं, एकांकिकेला ८०० टी घे, प्रकाशयोजनेवाल्यांचं बरोबर आहे. पण बाकीचे तीन रोल कोडॅकच्या पोर्ट्रा ८०० चे घे, ती डेलाइट फिल्म आहे. त्या हॉलचे छताचे दिवे पांढरे आहेत, तिथे ८०० टी निळी पडेल. शिवाय पणत्यांची रांग काढशील तेव्हा प्रत्येक ज्योतीभोवती लाल वलय मला तरी नको वाटतं.

पुशबद्दल जरा सविस्तर लिहितो. कलर निगेटिव्हला उजेड जास्त झालेला चालतो, दोन स्टॉप वर गेला तरी चांगला प्रिंट निघतो. कमी पडलेला उजेड मात्र भरून निघत नाही. जिथे फिल्मवर काही उमटलंच नाही, तिथे स्कॅनर नुसते दाणे आणि चिखलासारखा रंग दाखवतो. तुझ्या लेझीमचं तेच झालं. पुश म्हणजे रोल डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवणं. त्याने कॉन्ट्रास्ट वाढतो, उजळ भाग आणखी उठतात, पण काळ्या केसांत आणि सावळ्या गालाच्या सावलीत जे टिपलं गेलं नाही ते काही परत येत नाही. आपल्या माणसांचे चेहरे काढायचे तर हीच सावली जपायला हवी. आणि पुश अख्ख्या रोलला लागतो, चार फोटोंपुरता नाही.

त्या हॉलमध्ये दिवे पूर्ण लावलेले असताना मी उजेड मोजायचं मीटर लावून पाहिलं आहे. ८०० ला लेन्सचं तोंड एफ/२ इतकं उघडून १/६० सेकंद येतं. ४०० ला तेच १/३०. कुणी झूम देऊ केली तर घेऊ नकोस, तिचं तोंड एवढं उघडत नाही, एफ/५.६ वर ८०० लाही १/८ होईल. बाबांची ५०च आण.

१/६० ला लेझीम हलेलच, खरं तर १/२५० हवं. तिथे कानाचा उपयोग कर. ताल मोजत राहा, समेवर नाचणारा क्षणभर थांबतो. लावणीत गिरकी संपून मान वळते, तोही क्षण तसाच. तेवढ्यातच बटण दाब.

कॅमेऱ्याचा मीटर काळ्या पडद्याने किंवा पांढऱ्या भिंतीने फसतो. मुलांवर पडतो त्याच उजेडात तळहात धर, त्यावरून मीटर घे आणि एक स्टॉप जास्त दे. तळहात प्रत्येकाचा जवळपास सारखाच उजळ असतो.

हे एवढं पोटतिडकीने का लिहितो? १९८३ मध्ये कोडॅकने व्हीआर १००० काढली, रंगीत निगेटिव्ह आणि वेग हजारचा. तिच्यावर मी आपला गणपती काढला होता. दाणे ठसठशीत आहेत, पण आरतीच्या तबकामागचा प्रत्येक माणूस ओळखू येतो. त्याच्या आधीचा रोल ४०० चा, उजेड कमी पडलेला. त्यात आमच्या वहिनीची पैठणी दिसते, चेहरा दिसत नाही. वहिनी आता नाही. तो रोल मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी स्कॅन करून पाहिला.

---

प्रेषक : सांस्कृतिक समिती

काका, वाचून गलबलून आलं. पोर्ट्रा ८०० तीन, ८०० टी एक, असं नक्की करते. दोन शंका. माझ्या मामेभावाकडे फुजी नॅचुरा १६०० चे जुने रोल आहेत, वेग दुप्पट मिळेल ना? आणि तो लंडनहून येतोय, त्याच्याबरोबर मागवू का?

---

प्रेषक : जुने अल्बम सांभाळणारे काका

नॅचुरा बंद होऊन बरीच वर्षं झाली. वेगवान फिल्म लवकर म्हातारी होते. हवेतल्या, जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गानेसुद्धा तिच्यावर धुकं चढतं आणि ते फ्रीजरमध्ये ठेवूनही थांबत नाही. १६०० लिहिलेलं असेल, पण तेवढा वेग आता उरलेला नसणार. घरच्या फराळाचे फोटो काढून बघ हवं तर, कार्यक्रमाला नको.

आणि विमानातून मागवू नकोस. बऱ्याच विमानतळांवर आता हातातल्या सामानालाही सीटी स्कॅनर आहेत, ८०० ची फिल्म त्यातून गेली की धुरकटते. चेक-इन बॅगेत तर कधीच नको. इथल्या दुकानातूनच घे.

आणखी एक विनंती. दीपप्रज्वलनाच्या वेळी हॉलचे दिवे पूर्ण घालवतात, तेव्हा चेहऱ्यांवर फक्त समईचा उजेड उरतो. मागचे अर्धे दिवे राहू देता येतील का?

---

प्रेषक : नाट्यविभाग, प्रकाशयोजना

काका, मागच्या दोन रांगा चालू ठेवतो, वर समोरून एक मंद स्पॉटही देतो. शनिवारच्या तालमीला मीटर घेऊन या, दोघं मिळून ठरवू.