मदत हवी आहे: आईला चैत्रात सप्तशृंगी गडावर न्यायचंय

नमस्कार मंडळी, आईला या चैत्रोत्सवात वणीच्या गडावर न्यायचंय. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, आपल्याकडे खान्देश म्हणजे देवीचं माहेर, त्यामुळे आजोबा पायी जायचे आणि आईलाही यात्रेतच जायचंय, एरवी नको म्हणते. पण तिचे गुडघे पार गेलेत, पाचशेच्या आसपास पायऱ्या जमणारच नाहीत. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली (रुळांवरून वर नेणारी गाडी) आहे हे माहितीये, पण यात्रेच्या गर्दीत तिथे किती वेळ उभं राहावं लागतं? ज्येष्ठांना वेगळी रांग असते का? आणि यात्रेत खासगी गाड्या खाली नांदुरीलाच थांबवतात म्हणे, मग तिथून एसटीत म्हाताऱ्या माणसाला चढता येतं का की नुसती रेटारेटी?

अजून एक, समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणायचे आणि ती ऐकायला देवीने मान कलती केली असं आई लहानपणापासून सांगते. तर मार्कंडेय डोंगर गडावरून नीट कुठून दिसतो? तिला बसून बघता येईल अशी जागा हवीये. मूर्तीवरचा शेंदराचा थर काढल्यानंतरचं देवीचं अठरा हातांचं मूळ रूप तिने अजून पाहिलेलं नाही, म्हणून गाभाऱ्यासमोर दोन मिनिटं तरी मिळावीत. पौर्णिमेच्या आधी कुठला दिवस बरा? हल्ली जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.