मदत हवी आहे : परदेशी संशयितांची बेमुदत स्थानबद्धता आणि आपले संविधान

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी, सोयाबीनची गडबड नसेल तेव्हा, संविधानावर चर्चा होते. पुढच्या बैठकीत ब्रिटनचा 2004 चा बेलमार्श खटला (संशयितांना ठेवलेल्या लंडनच्या तुरुंगावरून हे नाव) मांडण्याचे माझ्याकडे आले आहे.

2001 च्या कायद्याने ब्रिटिश सरकारला असा अधिकार दिला होता, की ज्या परदेशी दहशतवादी संशयिताला छळाच्या भीतीमुळे मायदेशी पाठवता येत नाही, त्याला खटला न चालवता बेमुदत डांबून ठेवावे. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) नऊपैकी आठ न्यायाधीशांनी ही तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. कारण तितकाच धोकादायक ब्रिटिश संशयित मात्र मोकळा राहत होता. तरीही निकालामुळे कोणी लगेच सुटला नाही, कारण तिथले न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. (मला सर्वांत खटकते ते हेच.)

इथवर समजले. मागच्या शनिवारी मात्र एका निवृत्त गुरुजींनी संविधानाची जीर्ण प्रत उघडून, अटक झालेल्यांना संरक्षण देणाऱ्या अनुच्छेद 22 वर बोट ठेवले आणि विचारले, "वकीलसाहेब, शत्रुदेशीय परक्याला इथले संरक्षण नाही, मग संशयिताचे काय?" मला उत्तर देता आले नाही.

युद्ध जाहीर झालेले नसताना एखाद्या देशाचा नागरिक 'शत्रुदेशीय' ठरतो का? ठरलाच, तर जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य जपणारा, 'कोणत्याही व्यक्तीला' लागू असणारा अनुच्छेद 21 त्याच्यासाठी कितपत उरतो? यावरचे भारतीय निवाडे ठाऊक असलेल्यांनी कृपया सांगावे. मराठी विवेचन असल्यास अधिकच बरे.