डायनामाइटने कारखान्यातला धोका खरोखर कमी केला का?

दगडफूल : ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमच्या हेलेनेबोर्ग भागात नायट्रोग्लिसरीन या स्फोटक द्रवाचा स्फोट झाला आणि आल्फ्रेड नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल इतर काही जणांसह मृत्युमुखी पडला. एप्रिल १८६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत याच द्रवाची गळकी पेटी उघडताना पंधरा माणसे गेली. अशा वेळी हे द्रव किसेलगुर नावाच्या सच्छिद्र मातीत जिरवून नोबेल यांनी १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले. स्फोटकांच्या धंद्यात माणसांचे जीव वाचले ते मुख्यतः रसायनशास्त्रामुळे, असे माझे मत आहे. कायदे मागाहून आले.

वेळूबन : मला हे मान्य नाही. डायनामाइट सुरक्षित झाले ते वाहून नेणाऱ्यासाठी आणि सुरुंग लावणाऱ्यासाठी. कारखान्यात मात्र मातीत जिरवण्याआधी तेच नायट्रोग्लिसरीन तयार करावे लागे, आणि त्यासाठी तीव्र आम्लांच्या मिश्रणात ग्लिसरीन सोडत असताना तापमापीवरून नजर हलवून चालत नसे. स्कॉटलंडमधील आर्डीरच्या कारखान्यात त्या कामगाराला एका पायाचे स्टूल देत, म्हणजे डुलकी लागताच तो खाली पडून जागा होई. ज्या व्यवस्थेत शेकडो जीव एका दमलेल्या माणसाच्या जागेपणावर अवलंबून असतात, तिला मी सुरक्षित म्हणणार नाही. हॅम्बुर्गजवळचा नोबेल यांचा क्र्युमेल कारखाना १८६६ मध्ये उद्ध्वस्त झाला होता. डायनामाइट आल्यानंतर १८७० मध्ये तो पुन्हा उद्ध्वस्त झालाच.

निळीशाई : आपण दोघेही मालकाला विसरत आहात. अमेरिकेतील ब्रँडीवाइन नदीकाठी द्यू पाँ कुटुंबाने १८०२ पासून बंदुकीची दारू बनवली, आणि मालक कारखान्याशेजारीच राहत असत. गिरणीच्या तीन बाजूंना जाड दगडी भिंती, नदीकडची बाजू कमकुवत आणि छप्पर हलके, अशी रचना असे, जेणेकरून स्फोटाचा जोर पाण्याकडे निघून जावा. ही रचना कोणत्याही निरीक्षकाने सांगितलेली नव्हती. आपलेही घर त्याच हद्दीत असले की माणूस काळजीने बांधतो.

वेळूबन : त्याच गिरण्यांत मरण आलेल्या कामगाराबद्दल 'तो ओढ्यापलीकडे गेला' असे म्हणत, हेही सांगायला हवे, कारण स्फोटाची दिशा त्याच्या अंगावरूनच जात होती. मालकांची काळजी मी नाकारत नाही. अलेक्सिस द्यू पाँ १८५७ च्या स्फोटात गेले आणि लामोत द्यू पाँ १८८४ मध्ये न्यू जर्सीतील रेपॉनो येथे नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात. पण स्वतः मरण्याची तयारी आणि दुसऱ्याला वाचवण्याची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता रसायनशास्त्राकडे येतो. गनकॉटन, म्हणजे आम्लात बुडवून बनवलेला स्फोटक कापूस, लगदा करून नीट धुतले की ते स्थिर राहते, असे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल यांनी १८६५ च्या सुमारास दाखवले होते. तरीही ऑगस्ट १८७१ मध्ये इंग्लंडमधील स्टोमार्केट येथे गनकॉटनचा साठा उडून अठ्ठावीस माणसे ठार झाली. चाचणी झालेल्या मालात नंतर आम्ल मिसळले गेले होते, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पद्धत बरोबर होती. ती रोज पाळली जाते की नाही, हे बाहेरून येऊन पाहणारे कोणीच नव्हते. ब्रिटनच्या १८७५ च्या स्फोटक कायद्याने बाहेरून तपासणी करण्याचा तो अधिकार निर्माण केला, परवाना सक्तीचा केला आणि धोक्याच्या खोलीत किती माल व किती माणसे असावीत यावर मर्यादा घातली. आपल्याकडचा १८८४ चा कायदा त्याच मालिकेतला असून त्याची अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे.

दगडफूल : एकपायी स्टुलाबाबत मी माघार घेतो, 'सुरक्षित' हा शब्द मी ग्राहकाच्या बाजूने वापरला, मजुराच्या नव्हे. मात्र कायद्यालाही रसायनाची समज लागते, हे आपण सोडून देत आहात. ब्रिटिश संसदेने १८६९ मध्ये नायट्रोग्लिसरीनवर निर्बंध आणले, तेव्हा ते असलेला प्रत्येक पदार्थ त्यांत ओढला गेला आणि गळणारे द्रव व घट्ट कांडी यांत भेदच उरला नाही. पुढे रेल्वे कंपन्याही डायनामाइट न्यायला तयार नव्हत्या, म्हणून आर्डीरचा माल जहाजाने आणि घोडागाड्यांनी, कितीतरी लांबच्या वाटेने, वस्त्यांमधून न्यावा लागे.