विषय: यारिसच्या गंजलेल्या स्प्रिंगा – बदलायच्या की बफर लावायचे?

नमस्कार मंडळी,

आमच्या २००९च्या टोयोटा यारिसची परवा एमओटी (इथली, ब्रिटनमधली, गाडीची वार्षिक तपासणी) झाली. गाडी पास झाली, पण मागच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगा गंजल्याची ॲडव्हायझरी, म्हणजे 'लक्ष ठेवा' अशी सूचना, आली. शिवाय पार्किंग करताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून 'टंग' असा आवाज येतो. त्याबद्दल कागदावर काहीच नाही.

गॅरेजवाला म्हणतो, चारही बदला. पुण्याहून बाबांचं म्हणणं, वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवून घे, आमच्या मारुतीला बसवलेत, बसलेली गाडी छान उचलली गेली. नवऱ्याला वाटतंय की व्हिडिओ बघून सगळं घरीच जमेल. कुणी हे केलंय का?

– डर्बीहून

---

ताई,

ॲडव्हायझरी मागच्या स्प्रिंगांची असली तरी मला जास्त काळजी त्या आवाजाची वाटते. पुढची स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर फिरते. तिचं टोक तुटलं असेल किंवा वरच्या माउंटचं (स्प्रिंग वर जिथे गाडीला जोडते तो भाग) बेअरिंग जाम झालं असेल, तर ती मोकळी फिरत नाही. पिळली जाते आणि एकदम सुटते. तोच तो 'टंग'. एमओटीत काही उघडून बघत नाहीत, दिसेल तेवढंच तपासतात. त्यामुळे स्प्रिंगखालच्या लोखंडी वाटीत बसलेला खालचा वेढा नजरेतून सुटू शकतो.

आजच बघून घ्या. गाडी सपाट जागी लावा, आत सामान नको, टायरांत हवा बरोबर हवी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या आणि डावी-उजवी ताडून बघा. एक बाजू सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली बसली असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय. पण माप सारखं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण टोकाचा थोडासाच तुकडा गेला तर उंची फारशी बदलत नाही. म्हणून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा आणि टॉर्च घेऊन चाकामागे डोकवा. स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलेलं दिसायला हवं. ते टेकलेलं नसेल आणि कड तिरकी, खडबडीत असेल तर स्प्रिंग तुटलीच आहे. मग गाडी चालवू नका. बऱ्याच गाड्यांत तुटकं टोक टायरच्या अगदी जवळ असतं, आणि मोटरवेवर ते टायरमध्ये घुसलं तर काय होईल ते सांगायला नको.

इथे खड्डा नुसता निमित्त होतो, खरं काम मीठ करतं. काउन्सिल हिवाळ्यात रस्त्यावर जाडं मीठ टाकतं, चेशायरमधल्या विन्सफर्डसारख्या खाणींतलं. चिखलाबरोबर ते खालच्या वाटीत जाऊन बसतं. खडी उडून रंगाचा टवका गेला की तिथून गंज धरतो, खळगा पडतो, आणि धक्क्याधक्क्याला त्या खळग्यापासून चीर वाढत जाते. शेवटचा तुकडा पडतो तो कित्येकदा गाडी दारात उभी असताना, कडाक्याच्या थंडीत.

बाबांचा अनुभव खोटा नाही. पण त्यांची स्प्रिंग थकलेली आहे, तुमची गंजलेली. बफर बसवला की तेवढे वेढे हलायचे थांबतात आणि सगळी लवचिकता उरलेल्या वेढ्यांना पुरवावी लागते. त्यातले गंजून बारीक झालेले असतील तर आपणच तुटण्याला मदत करतो. वर रबराखाली खारं पाणी साचतं ते वेगळंच. इथे बफर अजिबात नको.

घरी करायचंच असेल तर फक्त मागचं करा. यारिसला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा. गाडी ॲक्सल स्टँडवर (उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या पक्क्या घोड्यांवर) घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नको. बीमला खालून जॅकचा आधार द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि बीम हळूहळू उतरवा. स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकच्या नळ्यांवर ताण येऊ देऊ नका. बोल्ट गंजलेले असणार, आदल्या रात्रीच त्यांवर तेल मारून ठेवा. खालची-वरची रबरं नवी घाला. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, नाहीतर बोल्टभोवतीचा रबरी बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पुढचं मात्र गॅरेजलाच द्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. तिथे स्प्रिंग दोन-तीनशे किलोच्या जोराने दाबलेली असते. वरचा नट सोडताना स्प्रिंग दाबून धरणारा स्वस्तातला कॉम्प्रेसर सटकला तर हात किंवा चेहरा वाचणं कठीण. गॅरेजला सांगा: स्प्रिंगा जोडीने, गाडीच्या नंबरवरून मागवलेल्या, कारण एकाच मॉडेलला इंजिनाप्रमाणे वेगळ्या स्प्रिंगा येतात. स्ट्रट (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंगचा जोड) खोललाच आहे तर माउंट आणि बेअरिंगही नवं, आणि शेवटी अलाइनमेंट.

– लेस्टरहून

---

दादा, खूप आभार. टॉर्च घेऊन बघितलं. माप दोन्हीकडे जवळपास सारखं, पण पुढच्या डाव्या स्प्रिंगचं टोक खाचेपर्यंत पोचतच नाही, बोटभर जागा रिकामी आहे. कड तुम्ही म्हणालात तशीच तिरकी. गाडी आता हलवत नाही. सोमवारी मोबाइल मेकॅनिक घरी येऊन पुढची जोडी, माउंट आणि बेअरिंग बदलणार आहे. बाबांना तुमचा परिच्छेद फोनवर वाचून दाखवला, त्यांना पटला.

मागच्या आम्ही करू. आपल्या या मेलिंग लिस्टवर कुणाकडे ॲक्सल स्टँडची जोडी आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) असेल तर पुढच्या शनिवार-रविवारपुरते हवे आहेत. नॉटिंगहॅम किंवा लेस्टर, जिथे असतील तिथून ट्रेनने येऊन नेऊ.

– डर्बीहून