दिष्ट पुरवठा की एलिमिनेटर?

शब्दवेल्हाळ
विहिरीवरच्या मोटारीला लावायच्या ऑटो स्विचचं माहितीपत्रक मराठीत करतेय. स्विचच्या आत अर्ध्या काडेपेटीएवढा काळा ठोकळा आहे. एका अंगाने २३० व्होल्टची लाईन घेतो, दुसऱ्या अंगाने ५ व्होल्ट डीसी देतो, त्यावर आतलं सर्किट चालतं. मुळात 'एसी-डीसी पॉवर सप्लाय मॉड्यूल' असं आहे. शाळेच्या पुस्तकात डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, 'दिष्ट' म्हणत, ते स्मरून मी 'दिष्ट वीजपुरवठा घटक' लिहिलं आणि मसुदा सासऱ्यांना वाचायला दिला. त्यांची हयात शेतीत गेली. म्हणाले, "पुरवठ्याला दिष्ट लागली, तर मीठ-मिरच्या ओवाळायच्या का मोटारीवरनं?"
आता सांगा, या ठोकळ्याला काय म्हणू?

तपकीरगल्लीकर
ताई, आमच्या तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, येऊन 'दिष्ट पुरवठा' मागितलात तर पोऱ्या मालकाकडे बघेल. 'पाच व्होल्टचं एसएमपीएस' म्हणा, म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. आमच्याकडे तर गिऱ्हाईक सरळ 'एक हायलिंक द्या' म्हणतं, मग ते कुठल्या का कंपनीचं असेना. डालडासारखं झालंय. त्यातलं पीएम०१ म्हणजे ३ वॉटचं, ५ व्होल्टला ६०० मिलिअँपियर. पाठकोऱ्या बिलावर मीही 'हायलिंक' असंच लिहितो.

धातुसाधित
'दिष्ट'ची चेष्टा थांबवा. धातू दिश्, म्हणजे दाखवणे. दिष्ट म्हणजे दाखवून दिलेलं, ज्याची दिशा ठरली आहे ते. संस्कृतात दिष्ट म्हणजे दैवसुद्धा. सासरेबुवा म्हणतात ती 'दिष्ट' दृष्ट या शब्दावरून आली, हिचा तिच्याशी काही संबंध नाही. तरी गोंधळ होत असेल तर 'एकदिश' वापरा, विश्वकोशातही तोच आहे. शब्द रुळवावे लागतात. 'दिनांक' आणि 'महापौर' यांनाही लोक हसलेच होते.

बांधावरून
दुसऱ्याच प्रतिसादात सावरकरांचे शब्द आले, पैज जिंकलो.
रुळवायचं म्हणता, तर ट्रान्सफॉर्मरचं 'रोहित्र' बघा. महावितरणच्या प्रत्येक कागदावर आणि पेपरच्या प्रत्येक बातमीत रोहित्र असतं. आमच्या गावात मात्र आजही 'डीपी जळाली'. रोहित्र जळालं असं म्हणणारा माणूस मी फक्त टीव्हीवर पाहिलाय.

जुना व्हॉल्व्ह
एलिमिनेटर म्हणा आणि मोकळे व्हा. आमच्या घरी होता, सेलऐवजी घरच्या लाईनवर रेडिओ चालवायचा डबा. पुढे ३ ते १२ व्होल्टचं बटण, पाठीमागे प्लस-मायनस उलटं करायची पट्टी. ट्रान्झिस्टरला लावला की बातम्यांच्या मागे सतत घूंऽऽ. वडील बातम्यांपुरते सेल घालायचे आणि गाण्यांना एलिमिनेटर, कारण गाण्यात घूं खपून जातं म्हणे.
शब्दाची गोष्टही छान आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन-तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या लागत. त्यातल्या जास्त व्होल्टच्या 'बी' बॅटरीला सुट्टी देऊन घरच्या लाईनवर रेडिओ चालवायची पेटी निघाली, ती 'बी एलिमिनेटर'. तिकडे बॅटरीवाला रेडिओ गेला तसा हा शब्दही मागे पडला. आपल्याकडे अजून तग धरून आहे.

धातुसाधित
म्हणजे 'बॅटरीहर'. विघ्नहरच्या चालीवर.

तपकीरगल्लीकर
पण ताईंच्या ऑटो स्विचमध्ये बॅटरी कधी नव्हतीच, मग एलिमिनेट काय केलं? आणि एलिमिनेटर म्हटलं की डोळ्यासमोर भिंतीच्या प्लगात बसणारा जड डबा येतो. जड असायचा कारण ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरला लोखंड भरपूर लागतं. हायलिंकमध्ये आधी लाईनचंच डीसी करतात, सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास. मग ते सेकंदाला हजारो वेळा तोडून नखाएवढ्या फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरातून पाठवतात. वजन तिथे वाचतं.

निवृत्त वायरमन
शब्द कुठलाही घाला. पत्रकात एक गोष्ट स्पष्ट पाहिजे, की आत ट्रान्सफॉर्मर आहे का नुसता कपॅसिटर. पैसे वाचवायला काहीजण लाईनला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून, पुढे डायोड आणि झेनर टाकून ५ व्होल्ट काढतात. करंट मिळतो फार तर ३०-३५ मिलिअँपियर, रात्रीच्या दिव्याला पुरतो. पण तिथं ५ व्होल्ट आणि घरची लाईन यांच्यात आडवं काहीच नसतं. अशाच एका दिव्याचं झाकण उघडून मी भाच्याला म्हणालो, "पाचच व्होल्ट आहेत, लाव बोट." त्याच्याआधी माझंच बोट लागलं, हे नशीब. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. बहीण अजून विषय काढते.
हायलिंकसारख्यात आयसोलेशन असतं, म्हणजे लाईन आणि ५ व्होल्ट यांचा थेट जोड नसतो. तरी आतलं काम लाईन बंद करूनच करायचं.

शब्दवेल्हाळ
काका, हे फार कामाचं सांगितलंत. मूळ पत्रकात 'आयसोलेटेड' आहे, मी तो शब्द शोभेचा समजून गाळला होता! 'विलगित वीजपुरवठा' चालेल?

बांधावरून
विलगीकरण म्हटलं की २०२० आठवतं. शाळेत गाद्या टाकलेल्या आणि दारात पोलीसपाटील. वाचणाऱ्याला वाटेल, पुरवठ्याला कोरोना झालाय.

निवृत्त वायरमन
'लाईनपासून अलग केलेला' लिहा. वायरमनला कळतं, शेतकऱ्यालाही कळतं.

धातुसाधित
'केलेला'? पुरवठा पुल्लिंगी, ठीक. पण तपकीरगल्लीकर 'पाच व्होल्टचं एसएमपीएस' म्हणतात, ते नपुंसक का? एस म्हणजे सप्लाय, आणि आपण तो सप्लाय म्हणतो.

तपकीरगल्लीकर
कारण मशीन ते, सर्किट ते, खोकं ते. विकताना व्युत्पत्ती बघत नाही. आमच्या शेजारच्या दुकानात 'ती एसएमपीएस' म्हणतात, त्यांचं काय करणार आहात?

जुना व्हॉल्व्ह
आमच्या घरी मात्र तो एलिमिनेटर. आई 'ती डबी' म्हणायची.

धातुसाधित
आईंचं व्याकरण निर्दोष आहे.

शब्दवेल्हाळ
सध्या असं लिहिलंय: 'आत लाईनपासून अलग केलेला ५ व्होल्ट डीसी पॉवर सप्लाय आहे. झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.' 'दिष्ट' काढलं. 'मॉड्यूल'ला काय म्हणू, ते अजून कोणी सांगितलंच नाही.

बांधावरून
"दिष्ट काढलं" नाही हो ताई, दिष्ट काढली. आणि मीठ-मिरच्या कसल्या? आमच्याकडे मीठ-मोहरी असते.

निवृत्त वायरमन
आमच्याकडे भाकरतुकडा. नवीन मोटार बसवली की पहिल्यांदा सोडायच्या आधी मालकीणबाई तो ओवाळायच्या, मग मी स्टार्टर दाबायचो.

जुना व्हॉल्व्ह
मिरच्याच खऱ्या. आणि ठसका आला नाही तर दिष्ट लागलेली होती, असं आजी सांगायची.

बांधावरून
उलटं आहे. ठसका आला तर लागलेली नव्हती.

धातुसाधित
दोघेही एकच म्हणताय.